बर्फ पांढरा का दिसत नाही? स्नोबोर्डिंगच्या जाहिरातींमधील रंगदोष शोधण्याचा क्रम

गुलमर्गला चित्रित झालेले स्नोबोर्डिंगचे फुटेज संकलनासाठी नाशिकला आले, की पहिला कट पाहून क्लायंटची तक्रार बहुधा एकच असते: बर्फ मळका दिसतो. क्लायंट गरम कपडे विकणारा असो, गॉगलचा ब्रँड असो की काश्मीरच्या सहली नेणारी पर्यटन संस्था असो, जाहिरातीत त्याला शुभ्र बर्फच हवा असतो आणि ते रास्तही आहे. मात्र या एका तक्रारीखाली पाच-सहा निरनिराळे दोष दडलेले असतात. त्यांतला नेमका कोणता आहे हे न पाहता ग्रेडिंगला, म्हणजे रंग आणि उजेड जुळवण्याला, हात घातला, तर एक दोष झाकताना दुसरा उघडा पडतो.

लक्षणे

पहिले लक्षण म्हणजे संपूर्ण उतार ओल्या सिमेंटसारखा राखाडी दिसणे. अशा शॉटमध्ये स्नोबोर्डरचा चेहरा आणि जॅकेटही काळवंडलेले असते. दुसरे लक्षण निळसर छटेचे. ही छटा शॉटगणिक बदलते, आणि कधी कधी तर एकाच शॉटमध्ये स्नोबोर्डर उन्हातून झाडीच्या सावलीत शिरताना रंग डोळ्यांदेखत सरकतो. तिसरे लक्षण याच्या नेमके उलटे असते: बर्फ पांढरा आहे, पण त्यात तपशील नाही. वळण घेताना बोर्डच्या कडेने उडालेला फवारा, आधीच्या फेऱ्यांचे चरे, उतारावरचे उंचवटे हे सगळे नाहीसे होते आणि पांढऱ्या जॅकेटवरचा लोगो पार्श्वभूमीत मिसळून जातो.

याखेरीज तीन लक्षणे कमी वेळा दिसतात, पण दिसली की गोंधळ मोठा होतो. संकलन कक्षात उत्तम दिसणारी फिल्म क्लायंटच्या फोनवर फिकी किंवा धुरकट दिसते. काळे जॅकेट तांबूस किंवा जांभळट दिसते. आणि अपलोड केल्यानंतर निळ्या आकाशात पट्टे उमटतात व पडणाऱ्या बर्फाचे चौकोनी तुकडे होतात.

कोणतीही तपासणी सुरू करण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा: दोष फक्त बर्फाच्या शॉटमध्ये आहे, की शेवटच्या पॅक शॉटमध्ये (उत्पादन दाखवणाऱ्या शॉटमध्ये) आणि लोगोच्या पाटीवरही आहे? ग्राफिक्स कॅमेऱ्यातून आलेले नसतात. तेही फिके दिसत असतील, तर कॅमेरामनला फोन करण्याचे कारण नाही. दोष पडद्यात किंवा एक्स्पोर्टमध्ये आहे. ग्राफिक्स स्वच्छ आणि बर्फ तेवढा मळका असेल, तर शोध फुटेजच्या दिशेने न्यावा.

पडदा, खोली आणि क्लायंटचा फोन

ही तपासणी फुकट आहे आणि पाच मिनिटांत होते, म्हणून ती पहिली. विंडोजवरील नाइट लाइट, मॅकवरील नाइट शिफ्ट व ट्रू टोन, आणि लॅपटॉपची आपोआप बदलणारी ब्राइटनेस या सर्व सोयी बंद कराव्यात. संध्याकाळी नाइट लाइट आपोआप सुरू झाला, की पडद्यावरचा पांढरा पिवळट होतो, संकलक त्याची भरपाई म्हणून बर्फात निळा मिसळतो, आणि सकाळी क्लायंटला निळा बर्फ मिळतो. कॅमेऱ्याचा या प्रकरणाशी काहीच संबंध नसतो.

खोलीचाही विचार करावा. पश्चिमेकडे खिडकी असलेल्या खोलीत दुपारी चारनंतर केलेले ग्रेडिंग रात्रीच्या ग्रेडिंगशी जुळत नाही, कारण डोळा पडद्यावरचा पांढरा खोलीतल्या प्रकाशाच्या तुलनेत ठरवतो. पडदा लावावा आणि मॉनिटरमागे एकच मंद, तटस्थ रंगाचा दिवा ठेवावा. मॉनिटरचा पांढरा बिंदू ६,५०० केल्व्हिनच्या (प्रकाशाचा रंग मोजण्याच्या एककाच्या) आसपासचा, म्हणजे डी६५, असावा. टीव्हीच्या कामासाठी संदर्भ मॉनिटरची चमक १०० निट्स धरतात. दुकानातून आणलेला मॉनिटर कारखान्याच्या सेटिंगवर याच्या दुप्पट-तिप्पट चमकत असतो, आणि त्यावर अंधारा बर्फही उजळ भासतो.

क्लायंटने फिल्म कुठे पाहिली, हेही विचारून घ्यावे. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली प्रत दाबली जाते, आणि दाबताना सर्वांत आधी बर्फातला बारीक पोत जातो. त्यामुळे फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी किंवा लिंक द्यावी, आणि फोनवरील डोळ्यांच्या आरामाचा पिवळा मोड बंद करून पाहण्याची विनंती करावी. तक्रारी इथेच मिटतात असे नाही, पण ज्या मिटायच्या त्या विनाखर्च मिटतात.

शेजारचा पांढरा

जाहिरातीच्या कामात हा दोष इतर फिल्मपेक्षा अधिक आढळतो, आणि त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. पॅक शॉटची पार्श्वभूमी डिझायनरने पूर्ण १०० टक्के पांढरी केलेली असते. त्याच्या आधीच्या शॉटमधला बर्फ वेव्हफॉर्मवर (चित्राची उजळता टक्क्यांत दाखवणाऱ्या आलेखावर) ८५ ते ९० टक्क्यांवर, म्हणजे अगदी योग्य जागी असला, तरी कट होताच तो मळका वाटू लागतो, कारण डोळा चौकटीतील आणि नुकत्याच पाहिलेल्या सर्वांत उजळ भागाला पांढरा समजतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात सतत असणारी शुभ्र पाटी किंवा किंमतीचा पट्टाही हेच करतो.

अशा वेळी बर्फ वर ओढू नये. ग्राफिक्सचा पांढरा ९० टक्क्यांच्या आसपास खाली आणावा आणि दोन्ही शॉट पुन्हा लागोपाठ पाहावेत. डिझायनर नाराज होतो, त्याला वेव्हफॉर्म दाखवावा.

लेव्हल्स आणि फाइलवरची नोंद

ग्राफिक्ससकट सर्वच चित्र धुरकट असेल, तर लेव्हल्स पाहाव्यात. व्हिडिओच्या ८-बिट संकेतात काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरण्याची पद्धत आहे. संगणकाच्या चित्रात तेच ० आणि २५५ वर असतात. संकलनाच्या सॉफ्टवेअरने एक समजून फाइल लिहिली आणि प्लेअरने दुसरे समजून वाचली, की काळा सुमारे ६ टक्क्यांवर उचलला जातो आणि पांढरा ९२ टक्क्यांवर अडकतो. बर्फ राखाडी आणि सावल्या धुरकट, असे दोन्ही एकदम दिसले तर संशय इथेच घ्यावा. उलट दिशेची चूक झाली, तर उजळ बर्फ कापला जातो आणि काळ्या पॅन्टच्या घड्या बुडतात.

खात्री करण्यासाठी एक्स्पोर्ट केलेली फाइल पुन्हा त्याच टाइमलाइनवर मूळ कटच्या वरच्या ट्रॅकवर ठेवावी आणि ट्रॅक चालू-बंद करत वेव्हफॉर्म पाहावा. रेषा हलली, तर दोष एक्स्पोर्टमध्ये आहे. रेषा जागची हलली नाही आणि तरीही प्लेअरमध्ये चित्र फिके दिसते, तर फाइल ठीक असून प्लेअर ती वेगळ्या गॅमाने (मधल्या उजळतेच्या वेगळ्या मांडणीने) दाखवत आहे. मॅकवरील क्विकटाइममध्ये हे वारंवार घडते. डाव्हिन्ची रिझॉल्व्ह या ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी रेक.७०९-ए (रेक.७०९ या एचडी टीव्हीच्या रंगमानकाचा मॅकसाठीचा प्रकार) हा पर्याय आहे. पण तो मॅकवरील दृश्यापुरता उपाय आहे, आणि त्या पर्यायाने काढलेली फाइल टीव्ही वाहिनीला देऊ नये.

लॉग फुटेज आणि लट

आता फुटेजकडे वळू. बहुतेक जाहिराती लॉग प्रोफाइलमध्ये (उजळतेचा मोठा पल्ला दाबून फिक्या रूपात साठवणाऱ्या सेटिंगमध्ये) चित्रित होतात, आणि लॉगमधला बर्फ राखाडी दिसणे हा दोष नसून त्या प्रोफाइलची रचनाच तशी आहे. सोनीच्या एस-लॉग३ मध्ये योग्य एक्स्पोजर असताना १८ टक्के परावर्तनाचा राखाडी ४१ टक्क्यांवर आणि ९० टक्के परावर्तनाचा पांढरा ६१ टक्क्यांवर बसतो. ताज्या बर्फाचे परावर्तन साधारण ८० ते ९० टक्के असते. म्हणजे न उलगडलेल्या क्लिपमध्ये उन्हातला बर्फ ६० च्या आसपास दिसणारच.

प्रश्न निर्माण होतो तो मिश्र फुटेजमुळे. मुख्य कॅमेरा एका लॉगमध्ये, ड्रोन दुसऱ्या लॉगमध्ये, हेल्मेटवरचा ॲक्शन कॅमेरा साध्या प्रोफाइलमध्ये, आणि या सगळ्यांवर टाइमलाइनवर एकच लट (एलयूटी, म्हणजे रंगांचे रूपांतर करणारा तयार तक्ता). ज्या क्लिप आधीच साध्या रंगात आहेत, त्यांच्यावर तो लट बसला की बर्फ जळतो. ज्यांचा लॉग वेगळा आहे, त्यांचा बर्फ हिरवट किंवा मळकट होतो. कधी मॉनिटरसाठीचा लट कॅमेऱ्याने रेकॉर्डिंगमध्येच भाजून टाकलेला असतो आणि संकलनात तो दुसऱ्यांदा लागतो. म्हणून ग्रेडिंगपूर्वी क्लिप कॅमेऱ्यानुसार वेगळ्या बिनमध्ये (फोल्डरमध्ये) ठेवाव्यात, प्रत्येक बिनमधील एका क्लिपचा मूळ वेव्हफॉर्म लटशिवाय पाहावा, आणि रूपांतर क्लिपच्या पातळीवर करावे. टाइमलाइनवर फक्त अखेरचा लूक असावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण दुसऱ्या लक्षणातील शॉटगणिक बदलणाऱ्या छटेपैकी बरीचशी याच टप्प्यावर जाते.

व्हाइट बॅलन्स

उरलेली छटा व्हाइट बॅलन्सची, म्हणजे पांढरा तटस्थ दिसावा म्हणून प्रकाशानुसार केलेल्या रंगजुळवणीची असते. थेट ऊन ५,२०० ते ५,६०० केल्व्हिनच्या आसपास असते. निरभ्र आकाशाखालच्या सावलीत मात्र प्रकाश निळ्या आकाशाकडून येतो आणि तो ७,५०० केल्व्हिनच्याही पुढे जातो. त्यामुळे बर्फावरची सावली निळसर असणे हे निसर्गाला धरून आहे. नवा संकलक ही निळाई पूर्ण पुसायला जातो, आणि मग उन्हातला बर्फ पिवळा पडतो व स्नोबोर्डरची त्वचा नारिंगी होते. माझे मत असे आहे की सावलीत थोडा निळा राहू द्यावा. उन्हातला बर्फ तटस्थ झाला, की प्रेक्षकाला थंडी त्या निळ्यातूनच जाणवते.

दुरुस्तीसाठी चौकटीतला उन्हाने उजळलेला, पण न उडालेला (तपशील शाबूत असलेला) बर्फाचा तुकडा निवडावा आणि वेक्टरस्कोपवर (रंगछटा दाखवणाऱ्या गोल आलेखावर) तो मध्याशी येईपर्यंत तापमान व टिंट (हिरवा-जांभळा तोल) हलवावे. सावलीसाठी वेगळा नोड (दुरुस्तीचा स्वतंत्र टप्पा) घेऊन केवळ गडद भागातील निळ्याची मात्रा कमी करावी. कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर असल्यामुळे एकाच शॉटमध्ये रंग सरकत असेल, तर सुरुवातीला व अखेरीस की-फ्रेम (त्या क्षणापुरते नोंदवलेले मूल्य) देऊन तो ओढून धरता येतो, पण स्नोबोर्डर झाडीतून सटासट आत-बाहेर करत असेल तर की-फ्रेमची संख्या इतकी वाढते की दुसरा टेक शोधणे स्वस्त पडते. पुढच्या वेळी ॲक्शन कॅमेऱ्यासह सर्व कॅमेरे ५,५०० केल्व्हिनवर कुलूपबंद करावेत.

एक्स्पोजर

वरील सर्व तपासण्यांतून पार झाल्यावरही बर्फ राखाडी असेल, तर तो राखाडीच चित्रित झालेला आहे. कॅमेऱ्याचा मीटर समोरचे दृश्य सरासरीने १८ टक्क्यांच्या आसपासच्या राखाडीइतके उजळ आहे असे गृहीत धरतो. साऱ्या चौकटीत ९० टक्के परावर्तनाचा बर्फ आला, तरी मीटर त्याला त्याच राखाडीवर ओढतो. १८ आणि ९० यांत पाचपटीचा फरक आहे, म्हणजे सुमारे सव्वादोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). ऑटो एक्स्पोजरवर चित्रित केलेल्या बर्फात एक ते दोन स्टॉपची कमतरता हमखास आढळते, ती यामुळे.

ही कमतरता किती भरून निघेल, हे फाइलवर ठरते. ८-बिट फाइलमध्ये प्रत्येक रंगवाहिनीला २५६ पायऱ्या असतात, १०-बिटमध्ये १,०२४. १०-बिट लॉगमधला दीड-दोन स्टॉपने कमी पडलेला बर्फ सहसा नीट उचलला जातो. ८-बिटमध्ये तेवढेच उचलले, की आकाशात पट्टे पडतात आणि सावलीत दाणे दिसू लागतात. त्या वेळी दाणे घालवणारे साधन वापरावे लागते, आणि ते साधन बर्फाचा पोतही पुसते. अंतिम रेक.७०९ चित्रात उन्हातला बर्फ ८५ ते ९५ टक्क्यांवर आणि त्यात वर-खाली हलणारी रेषा, तर सावलीतला बर्फ ५० ते ६५ वर, हा माझा नेहमीचा अंदाज आहे.

तिसऱ्या लक्षणात, म्हणजे उडालेल्या बर्फात, वेव्हफॉर्मचा वरचा काठ पट्टीने आखल्यासारखा सरळ दिसतो. एक्स्पोजर खाली ओढल्यावर ती सरळ रेषा तशीच सरळ राहून नुसती खाली आली, तर तिथे माहितीच नाही. लाल, हिरवा आणि निळा वेगवेगळे पाहावेत: एकच वाहिनी कापली गेली असेल, तर हायलाइट रिकव्हरीने इतर दोन वाहिन्यांच्या आधारे थोडा पोत परत येतो. तिन्ही कापल्या असतील, तर तिथे थांबावे. खाली ओढलेला उडालेला बर्फ पुन्हा राखाडीच दिसतो, तोही पोताशिवाय.

चित्रीकरणाच्या बाजूने पाहायच्या गोष्टी

ही तपासणी सर्वांत महाग, कारण ती पुढच्या चित्रीकरणातच उपयोगी पडते. पण त्याच संघाकडून पुन्हा काम घ्यायचे असेल तर करावीच.

गुलमर्गच्या गोंडोलाचा (रोपवेचा) दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,९५० मीटरवर पोहोचतो. आपले नाशिक ६०० मीटरच्या आसपास आहे. अफरवटच्या उन्हात कॅमेऱ्याचा छोटा पडदा इतका अंधारा दिसतो की कॅमेरामन नकळत एक्स्पोजर वाढवतो, किंवा हिस्टोग्राम (उजळतेचा आलेख) उजवीकडे, म्हणजे उजळ बाजूला, गेलेला पाहून घाबरून कमी करतो. म्हणून पडद्यावर विसंबू नये. साध्या प्रोफाइलमध्ये झेब्रा (ठरलेल्या उजळतेच्या भागावर पट्टे दाखवणारी सोय) ९५ वर ठेवून तो बर्फाच्या तुरळक टोकांवरच दिसेल इतके एक्स्पोजर ठेवावे. एस-लॉग३ मध्ये एक स्टॉप वर चित्रित करायचे ठरवले असेल, तर उन्हातला बर्फ ७० च्या आसपास पडावा.

एनडी फिल्टरचा, म्हणजे लेन्सपुढे लावून प्रकाश कमी करणाऱ्या काचेचा, हिशेब आधी करून ठेवावा. सोनी एफएक्स३ चा एस-लॉग३ मधला मूळ आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ८०० आहे. भर उन्हात त्या आयएसओवर एफ/१६ ला शटर सुमारे १/८०० लागते. टीव्हीसाठी २५ फ्रेमवर १/५० शटर आणि एफ/४ हवे असेल, तर चार अधिक चार असे आठ स्टॉप रोखावे लागतात, आणि बर्फाच्या परावर्तनासाठी आणखी एक. एवढा एनडी जवळ नसला, की शटर वाढवले जाते आणि उडणारा फवारा तुटक, किरकिरा दिसतो. दुसरीकडे, जाड आणि स्वस्त एनडी दृश्य प्रकाश अडवतो पण अवरक्त किरण आत सोडतो. सिंथेटिक काळे कापड ते किरण परावर्तित करते, आणि काळे जॅकेट तांबूस दिसण्याचे बहुधा हेच कारण असते. अवरक्त किरणही अडवणारा एनडी भाड्याने आणावा. फिरवायचा व्हेरिएबल एनडी शेवटपर्यंत फिरवल्यास चौकटीवर गडद फुली उमटते, आणि वाइड लेन्सवर आकाश एका बाजूला काळपट होते.

नाशिकमध्ये बर्फ नाही, पण सराव करता येतो. भर दुपारी गच्चीवर पांढरी चादर पसरून तिच्यावर काळे जॅकेट घातलेल्या माणसाला उभे करावे, आणि प्रत्येक कॅमेऱ्यावर एक्स्पोजरच्या निरनिराळ्या पायऱ्या, निरनिराळे एनडी व ऑटो-मॅन्युअल असे सगळे रेकॉर्ड करून घ्यावे. वर लिहिलेले निम्म्याहून अधिक दोष या चादरीवर दिसतात. मात्र त्या चादरीवरून व्हाइट बॅलन्स घेऊ नये: नीळ घातलेली किंवा चमक आणणाऱ्या पावडरीने धुतलेली चादर उन्हात निळसर असते, आणि तिच्यावर बॅलन्स घेतला तर चित्र पिवळे येते. छपाईच्या पांढऱ्या कागदाचेही तसेच, आणि उंचीवर अतिनील किरण वाढल्यामुळे तो फरक आणखी वाढतो. राखाडी कार्ड घेऊन जावे.

अपलोडनंतरच्या पट्ट्यांविषयी थोडक्यात: पडणारा बर्फ कॉम्प्रेशनला जड जातो. फुल एचडी फिल्मही ४-के मध्ये अपलोड केली, तर यूट्यूब तिला अधिक बिटरेट देते आणि चौकोन कमी होतात. पट्टे घालवण्यासाठी आकाशापुरता अगदी हलका ग्रेन (मुद्दाम टाकलेले बारीक दाणे) पुरतो. सर्वत्र जाड ग्रेन टाकल्यास चौकोन उलट वाढतात.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

तिन्ही वाहिन्या कापलेला बर्फ मुख्य शॉटमध्ये असेल आणि दुसरा टेक नसेल, तर प्लगइन विकत घेत बसू नये. पुनर्चित्रीकरण किंवा व्हीएफएक्स कलाकाराकडून उताराचा पोत बसवून घेणे, हे दोनच मार्ग आहेत, आणि खर्चाचा निर्णय क्लायंटने घ्यायचा असल्यामुळे त्याला ते त्याच दिवशी सांगावे. बर्फ सुधारताना ब्रँडचा ठरलेला रंग, म्हणजे जॅकेटचा किंवा बोर्डचा, बदलू लागला, तर काम कॅलिब्रेटेड (अचूक रंगांसाठी तपासून लावलेला) मॉनिटर असलेल्या कलरिस्टकडे, म्हणजे रंगाचे काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे, द्यावे. त्या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढणे हा अनुभवाचा भाग आहे आणि लॅपटॉपच्या पडद्यावर त्याची खात्री करता येत नाही. टीव्हीवर जाणाऱ्या जाहिरातीची तांत्रिक तपासणी वाहिनीच्या अटींनुसार पोस्ट स्टुडिओकडूनच करून घ्यावी.

आणि एक दोष संकलनाचा नसतोच: थंडीतून उबदार खोलीत आणलेल्या लेन्सच्या आत दव धरून चित्राच्या मध्यभागी दुधाळ डाग येतो. बाहेरून पुसून तो जात नसेल, तर लेन्स उघडू नये आणि हेअर ड्रायर लावू नये. ती थेट सर्व्हिस सेंटरला द्यावी.

कलरिस्टकडे काम पाठवताना एक्स्पोर्ट केलेली फिल्म देऊ नये. कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ फाइल, कोणता कॅमेरा कोणत्या लॉगमध्ये होता याची यादी, टाइमलाइनची एक्सएमएल (कटची नोंद असलेली फाइल), राखाडी कार्डची फ्रेम, आणि क्लायंटने ज्या फ्रेमला "असा बर्फ हवा" म्हणून मान्यता दिली आहे ती फ्रेम, एवढे सोबत द्यावे. मान्यतेची फ्रेम नसेल तर ती आधी मिळवावी, मगच काम पाठवावे.